नाना पेठेतलं चर्च कुणाच्या इतिहासात बसतं?

पुण्यात क्वार्टर गेटपाशी उतरून ‘सिटी चर्च कुठं?’ असं विचारलं, तर कुणीही हात करून दाखवतं. ते कुणी बांधलं असं विचारलं, तर बहुतेक जण क्षणभरही न थांबता सांगतात, ‘इंग्रजांनी.’ हे उत्तर चुकीचं आहे. आणि ही चूक एखादी सनावळी चुकावी तशी साधी नाही, कारण तिच्यात शहराचा एक समज दडलेला आहे. चर्च म्हणजे बाहेरचं, ते कँपातलं, गोऱ्या पलटणीबरोबर आलेलं आणि गोरे गेल्यावर मागं राहिलेलं, असा तो समज.

नाना पेठेतल्या या चर्चला जागा मिळाली ती १७९२ साली, सवाई माधवराव पेशव्यांकडून. इंग्रजांचा अंमल पुण्यावर यायला तेव्हा अजून पंचवीस वर्षं होती. डॉम मिगेल द नरोन्हा नावाचा पेशव्यांच्या फौजेतला एक अधिकारी होता. आपल्या कॅथलिक सैनिकांना प्रार्थनेसाठी जागा हवी, अशी विनंती त्यानं दरबारात केली आणि ती मान्य झाली. गोव्याहून धर्मगुरू आले आणि पेठेत मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, होऊ लागली. चर्च पवित्र मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाला वाहिलेलं आहे, म्हणून त्याचा सण ८ डिसेंबरला असतो. कँपातलं अँग्लिकन पंथाचं सेंट मेरीज उभं राहिलं १८२५ मध्ये. आयरिश शिपायांसाठीचं सेंट पॅट्रिक्स, जे आज पुणे धर्मप्रांताचं मुख्य चर्च आहे, ते १८५० चं. म्हणजे कँपातली ही नामवंत चर्चेस उभी राहण्याच्या कितीतरी आधी पेठेत चर्च होतं.

आज आपण जी इमारत पाहतो ती मात्र १८५२ ची. बघणाऱ्याची गल्लत होते ती इथं. इमारत इंग्रजी अमलातली दिसते, म्हणून मूळही इंग्रजी असणार, असा हिशेब मनातल्या मनात होऊन जातो. पण हाच हिशेब आपण देवळाला लावत नाही. सभामंडप गेल्या शतकातला आणि गाभारा जुना असेल, तर आपण ‘जीर्णोद्धार’ म्हणतो आणि देऊळ जुनंच मानतो. चर्चच्या वाट्याला ही सवलत का येत नाही?

१७९२ चं पुणं कसं होतं ते आठवून पाहावं. जागेच्या कागदावर नाव सवाई माधवरावांचं, पण ते तेव्हा अठरा वर्षांचे होते. कारभार नाना फडणवीसांच्या हाती होता. ही पेठ नानांनीच वसवलेली. आधी तिला हनुमान पेठ म्हणत, पुढं तिला नानांचं नाव चिकटलं. त्याच वर्षी जून महिन्यात महादजी शिंदे उत्तरेतून पुण्यात येऊन दाखल झाले. दी बॉयन या युरोपीय सेनानीनं कवायत शिकवलेल्या पलटणींच्या जोरावर महादजींचा दबदबा किती वाढला होता, हे पुणे दरबार डोळ्यांनी पाहत होता. घोडदळावर वाढलेल्या मराठी फौजेला आता बंदूकधारी पायदळ हवं होतं, तोफा ओतणारे आणि डागणारे हात हवे होते. असे हात अरबांत होते, रोहिल्यांत होते आणि गोव्याच्या किनाऱ्यावरही होते. पुण्याच्या फौजेतले गोमंतकीय ख्रिस्ती हे या मागणीतून आलेले चाकरमाने होते.

अशा माणसाला पगार लागतो, तसंच लग्न लावायला, पोराला बाप्तिस्मा द्यायला आणि मेल्यावर पुरायला कुणीतरी लागतं. कॅथलिक माणसाचं हे सगळं धर्मगुरूशिवाय अडतं. वर्षातून एकदा तरी, ईस्टरच्या सुमारास, प्रायश्चित्त घेऊन ख्रिस्तप्रसाद घेणं हे त्याच्यावरचं बंधन. त्याची बायकामुलं इथंच राहावीत आणि तो चार महिन्यांत गोव्याकडे पळू नये असं वाटत असेल, तर त्याला पेठेत एक घर आणि एक वेदी द्यावी लागते. ही माझी मांडणी आहे. जागा देताना नानांच्या मनात काय होतं हे मी सांगू शकत नाही. पण अठराव्या शतकातली कुठलीही दरबारी देणगी मी निव्वळ दया म्हणून वाचत नाही, आणि ही अपवाद मानायचं कारण मला दिसत नाही.

या माणसांची निष्ठा कुणाकडे होती, असा प्रश्न आजच्या हवेत विचारला जातोच. त्याचं उत्तर खडकीच्या मैदानात आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी इंग्रजांविरुद्ध बापू गोखल्यांच्या फौजा उतरल्या, तेव्हा पेशव्यांच्या बाजूनं लढणाऱ्या कवायती पलटणीचा प्रमुख डी पिंटो नावाचा ‘नेटिव्ह पोर्तुगीज’ होता. ही नोंद पेशव्यांच्या भाटाची नाही, ग्रँट डफची आहे, म्हणजे शत्रूपक्षाची. त्या दिवशी पिंटोच्या समोर इंग्रज ख्रिस्ती होते आणि तो मराठ्यांच्या बाजूनं उभा होता. शाळेत आपण खडकीची लढाई शिकतो. विंचूरकर, गोखले, मोर दीक्षित ही नावं कानावरून जातात. पिंटो माझ्या कानावरून कधी गेला नाही.

इथवर वाचून कुणी म्हणेल, बघा, आमचे पेशवे किती सहिष्णू होते! हे वाक्य मला इंग्रजांच्या नावावर चर्च घालणाऱ्या वाक्याइतकंच खटकतं. पहिल्या वाक्यात चर्च परक्यांचं ठरतं. दुसऱ्यात ते आपल्या मोठेपणाचं प्रमाणपत्र होतं. दोन्ही वाक्यांत त्या चर्चमध्ये गुडघे टेकणारी माणसं कुठंच नसतात.

शिवाय सहिष्णुतेची ही गोष्ट इतकी सरळही नाही. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली. तहात ख्रिस्ती रयतेला धर्म पाळण्याची मुभा होती, हे खरं. आणि चर्चच्या घंटा विजयचिन्ह म्हणून देशावर आल्या, हेही तितकंच खरं. नाशिकला नारोशंकराच्या देवळावर टांगलेल्या घंटेवर १७२१ हे वर्ष आहे. वाईजवळ मेणवलीला, कृष्णेच्या घाटावर मेणेश्वराच्या देवळापुढं जी घंटा आहे, तिच्यावर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मरिया कोरलेली आहे. ते मेणवली नाना फडणवीसांचं. म्हणजे ज्या कारभाऱ्याच्या काळात नाना पेठेत मरियेच्या नावानं वेदी उभी राहिली, त्याच्याच गावच्या देवळाच्या दारात कुठल्यातरी चर्चची मरिया घंटेवर लटकत होती. मला यात ढोंग दिसत नाही. त्या काळचं राज्य असंच चालायचं: जिंकलेल्याचं ते घेऊन यायचं आणि चाकरीत असलेल्याला ते जागा द्यायचं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून व्हायच्या. या गुंत्याला ‘सहिष्णुता’ हा आजचा शब्द पुरा पडत नाही.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे, तो टाळणार नाही. पेशव्यांनी पुण्यात चर्चला जागा दिली, तेव्हा गोव्यात काय चालू होतं? सोळाव्या शतकात तिसवाडी, साष्टी, बारदेशातली देवळं पाडली गेली होती, देव नदीपलीकडं न्यावे लागले होते. धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, १५६० मध्ये सुरू झालं आणि मधली काही वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत टिकलं, म्हणजे १७९२ मध्येही ते होतंच. हे सगळं खरं आहे, आणि गोव्याच्या आणि महाराष्ट्राच्या ख्रिस्ती लेखकांनी, धर्मगुरूंनीही ते मोकळेपणानं बोलायला हवं. पण त्याचं उत्तर नाना पेठेतल्या गोलंदाजाकडून मागणं हा न्याय नव्हे. ज्याचे पूर्वज दोन शतकांपूर्वी त्याच सत्तेखाली बाटले होते, तो त्या सत्तेपासून दूर येऊन दुसऱ्या राजाची चाकरी करत होता. गोव्याच्या पातकांचा हिशेब त्याच्या माथी मारला, की आपण त्याच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करतो.

पेशवाईचं सोवळंओवळं आणि जातीचं कडेकोट राज्य विसरूनही चालणार नाही. ते पुढं किती काळ टिकलं, याचा पुरावा नाना पेठेपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर आहे. १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये गोपाळराव जोशांनी जमवलेल्या मंडळींनी चहा घेतला. त्यांत रानडे होते, टिळक होते. नावं छापून आली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचा वाद, उभं राहिलं. शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. पंचहौदचं चर्च अँग्लिकन, सिटी चर्च कॅथलिक. त्यांचे पंथ वेगळे, इतिहासही वेगळे. तरी दोन्ही घटना शेजारी ठेवून पाहाव्यात. सरकारनं जमीन दिली तर चालत होतं, आणि शंभर वर्षांनंतरही ख्रिस्त्यांच्या हातचा कपभर चहा चालत नव्हता. पुण्याचा ख्रिस्ती माणूस या दोन टोकांच्या मध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहिला. तो कसा राहिला, कुणाकडून दूध घेत होता, कुणाच्या विहिरीचं पाणी भरत होता, कुठली भाषा बोलत होता, हा खरा इतिहास आहे. आणि हाच लिहिला गेलेला नाही.

याचा दोष शहराइतकाच चर्चकडेही जातो. धर्मग्रामांचे, म्हणजे एकेका चर्चभोवतीच्या वस्तीचे (पॅरिशचे), इतिहास सहसा स्मरणिकांत सापडतात, आणि त्या बहुतेक इंग्रजीत असतात. त्यांत कोणत्या फादरांनी कोणत्या वर्षी मनोरा बांधला, कोणत्या महागुरुस्वामींनी (बिशपांनी) आशीर्वाद दिला, फरशी कधी बदलली याची यादी असते. खाली बाकांवर बसणारी माणसं त्यात अभावानंच येतात. मराठी वाचकापर्यंत तर यातलं काहीच पोचत नाही. पुणे धर्मप्रांतात मराठी भाविक मोठ्या संख्येनं आहेत, वसईच्या मातीतले मराठी लेखक असलेले थॉमस डाबरे या धर्मप्रांताचे महागुरुस्वामी होते, २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. मग महाराष्ट्रातल्या कॅथलिकांचा इतिहास मराठीत का येऊ नये? ज्या शहरात तो घडला, त्या शहराची भाषा मराठी आहे.

इंग्रज आणि चर्च हे एकच, हा समज खोडून काढायला चर्चचाच आतला इतिहास पुरेसा आहे, पण तो सांगायचा तर घरातली भांडणं सांगावी लागतात. पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या चर्चवर मिळालेला हक्क, म्हणजे पाद्रोआदो, आणि रोमनं १६२२ मध्ये स्थापलेलं धर्मप्रसाराचं खातं, म्हणजे प्रोपागांडा, यांच्यातला झगडा पश्चिम किनाऱ्यावर दोन शतकं चालला. मुंबईत इंग्रजांनी १७२० मध्ये पोर्तुगीज फ्रान्सिस्कनांना हाकलून चर्चेस रोमच्या प्रतिनिधीकडे सोपवली, कारण त्यांना गोव्याचे पाद्री आपल्या बेटावर नको होते. पुढं मुंबईतल्या चर्चेसची दोन गटांत वाटणी झाली. १८५३ मध्ये तर माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये रोमकडून नेमलेले बिशप हार्टमन आत आणि पाद्रोआदोचे लोक बाहेर, असा पंधरा दिवस वेढा पडला होता. शेवटी सरकारी शिपायांना मध्ये पडावं लागलं. पुण्यातही एकीकडे गोव्याशी नाळ असलेलं पेठेतलं चर्च आणि दुसरीकडे आयरिश शिपायांचं कँपातलं चर्च, अशी दोन वळणं होती. पुणे धर्मप्रांत झाला तो १८८६ मध्ये, पोर्तुगाल आणि रोम यांच्यातल्या करारानंतर. एवढं सगळं ज्याच्या पोटात आहे त्या इतिहासाला ‘इंग्रजांनी बांधलं’ या दोन शब्दांत गुंडाळायचं, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता माझी मागणी. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं प्रत्येक धर्मग्रामाच्या फादरवर बाप्तिस्म्याची आणि लग्नाची वही ठेवण्याची सक्ती केली. पुढं मृत्यूचीही वही आली. बाप्तिस्म्याच्या नोंदीत बाळाचं नाव, जन्माची तारीख, बापाचं नाव, आईचं नाव, धर्मपिता आणि धर्ममाता यांची नावं असतात. पुष्कळदा बापाचा धंदा आणि मूळ गावही असतं. पुढं त्या बाळाचं लग्न झालं की समासात त्याची टीप येते. सरकारी नोंदणीची चौकट आपल्याकडे आली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. त्याआधीच्या साध्या माणसाचा पत्ता लावायचा, तर अशा वह्यांशिवाय फारसं काही हाताशी नसतं.

यातली आईच्या नावाची गोष्ट मला सगळ्यात मोलाची वाटते. फौजेच्या हजेरीपटात बायका नसतात. इनामाच्या सनदेत नसतात. वाड्यांच्या वाटणीपत्रात असल्या तर विधवा म्हणून असतात. बाप्तिस्म्याच्या वहीत मात्र आईचं नाव लिहावंच लागतं, आणि धर्ममातेचंही. एखाद्या जुन्या धर्मग्रामाच्या पाऊणशे वर्षांच्या वह्या ओळीनं वाचल्या, तर पेठेतल्या शेकडो बायका नावानिशी समोर येतील. कुणाची धर्ममाता कोण झाली यावरून शेजार कळेल, जातीची वेस कळेल, गोव्याच्या कोणत्या गावची माणसं एकमेकांना धरून होती ते कळेल. प्लेगच्या वर्षांतल्या मृत्यूच्या पानांवरून १८९७ च्या पुण्याचं एक असं चित्र मिळेल, जे रँडच्या खुनाच्या सावलीत आपण नीट पाहिलंच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की पुण्यातल्या जुन्या धर्मग्रामांच्या वह्या ही शहराचीही ठेव आहे. कागद चर्चच्या कपाटात राहावा, मालकी चर्चचीच असावी, यावर माझा वाद नाही. पण शंभर वर्षांपलीकडच्या नोंदींची छायाचित्रं काढून ती अभ्यासकांना खुली करावीत. अलीकडच्या नोंदी बंद राहाव्यात, कारण त्यांत जिवंत माणसांचे खासगी तपशील आहेत. कुणाचं धर्मांतर, कुणाचं अनौरसपण चव्हाट्यावर आणायचा हक्क कुणालाच नाही. आजच्या दिवसांत तर ही काळजी दुपटीनं घ्यायला हवी. नोंदवह्या मागणारा प्रत्येक जण अभ्यासासाठीच मागतो असं नाही, आणि फादर कपाटाची किल्ली देताना कचरत असतील तर त्यांची भीती मला समजते. त्याला उपाय आहे नोंदींच्या वयाची मर्यादा आणि वाचणाऱ्याची नोंद. कुलूप हा उपाय नाही. पोर्तुगालमध्ये १९११ च्या कायद्यानं धर्मग्रामांच्या जुन्या वह्या सरकारी दप्तरखान्यांत गेल्या आणि आज त्यांतल्या बहुतेक कुणालाही घरबसल्या वाचता येतात. तिथं राज्यानं त्या चर्चच्या हातून काढून घेतल्या. ती वाट मला आपल्यासाठी नको आहे. आपल्याकडे हे चर्चनं आपण होऊन करावं.

शहराच्या बाजूचं कामही तेवढंच आहे. पुण्याच्या पेशवे दप्तरात कोट्यवधी मोडी कागद आहेत. गो. स. सरदेसायांनी १९३० नंतर त्यांतले निवडक कागद ४५ खंडांत छापले, तरी रुमालांतला, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांतला, फार मोठा भाग अजून कुणी उलगडलेला नाही. गोमंतकीय पलटणींचे पगार, त्यांच्या छावण्या, चर्चच्या जागेसंबंधीचा व्यवहार हे सगळं शोधायला मोडी वाचणारा हवा. त्याच माणसांची दुसरी बाजू गोव्याच्या पोर्तुगीज कागदांत असणार, तिथं पोर्तुगीज वाचणारा हवा. पुण्यात मोडीचे वर्ग भरतात, मोडी जाणणारी उत्साही तरुण मुलंमुली आहेत. गोव्यात पोर्तुगीज जाणणारे आहेत. हे दोन गट एका टेबलाशी बसवायला लागणारा पैसा एखाद्या चौकाच्या सुशोभीकरणापेक्षा जास्त नाही.

घाई एवढ्यासाठी, की पेठेतला धर्मग्राम विरळ होतो आहे. जुन्या वाड्यांतली आणि चाळींतली कुटुंबं वडगाव शेरी, वानवडी, कोंढव्याकडे गेली. वाड्यांच्या जागी इमारती आल्या. रविवारी गाडी काढून आपल्या मूळ चर्चला येणारी पिढी सत्तरीच्या पुढं गेली आहे. आजी कोणत्या गल्लीत राहायची, तमिळ कुटुंबं पेठेत कधी आली, नगरकडची मराठी माणसं कुणाच्या ओळखीनं इथं राहिली, हे सांगणारे आज आहेत. त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायला एक फोन आणि एक मोकळी दुपार पुरते.

२०४२ साली या जागेला अडीचशे वर्षं होतील. तेव्हा स्मरणिका निघेलच. तिच्यात सनदेच्या मोडी कागदाचा फोटो असावा, त्याचं मराठी लिप्यंतर असावं आणि त्यापुढं पेठेत पहिल्या वर्षांत बाप्तिस्मा झालेल्या मुलांची आणि त्यांच्या आयांची नावं असावीत. शाई तोवर थांबेल याचा भरवसा नाही, त्यामुळे पहिल्या वहीचे फोटो या उन्हाळ्यातच काढायला घ्यावेत.